बितोला, मोनास्तिर, व्हुतेलिओन : एका बाल्कन शहराच्या नावाचा गुंता

नकाशावेडा

मंडळी, बाल्कन म्हटलं की आपली गाडी साराएव्होच्या गोळीबारावर सुरू होते आणि युगोस्लाव्हियाच्या फाळणीवर थांबते. म्हणून हा जरा आडवाटेचा धागा.

उत्तर मॅसिडोनियाच्या दक्षिण टोकाला, ग्रीसच्या हद्दीपासून जेमतेम पंधरा किलोमीटरवर बितोला नावाचं शहर आहे. मधून द्रागोर नदी वाहते, पश्चिमेला बाबा पर्वत आणि त्यावर २६०१ मीटर उंचीचं पेलिस्तेर शिखर. शहराला लागूनच हेराक्लेआ लिंकेस्तिसचे अवशेष आहेत. हे नगर अलेक्झांडरच्या बापाने, दुसऱ्या फिलिपने, इ.स.पू. चौथ्या शतकात वसवलं.

जुन्या युरोपीय नकाशांच्या स्कॅन केलेल्या प्रती चाळताना या ठिकाणी 'बितोलिया किंवा तोली मोनास्तिर' असं छापलेलं दिसतं. तिथून मी या नादाला लागलो. सर्ब याला बितोल्य म्हणतात, बल्गेरियन बितोल्या, आरोमानी लोक बितुली. तुर्क आणि अल्बेनियन मात्र मानास्तिर म्हणतात, ग्रीक मोनास्तिरी. म्हणजे नावांची दोन घराणी झाली.

बहुतेक पुस्तकांत याचा उलगडा असा देतात: जुन्या स्लाव्होनिक भाषेत 'ओबितेल' म्हणजे मठ. इथे मोठा मठ होता. पुढे अर्थ विसरला गेला, सुरुवातीचा 'ओ' गळाला आणि बितोला उरलं. ग्रीकांनी त्याच नावाचं भाषांतर करून मोनास्तिरी केलं, ते तुर्कांनी उचललं.

उलगडा इतका गोळीबंद आहे की मला संशय येतो. एक तर तो मठ नेमका कोणता, हे कुणी धड सांगत नाही. दुसरं, 'ओबितेल'मध्ये 'ते' आहे आणि बितोलामध्ये 'तो'. हा 'ए'चा 'ओ' कधी झाला? तिसरं, अकराव्या शतकातला बायझंटाइन इतिहासकार स्किलित्झिस या गावाला व्हुतेलिओनच्या जवळपासचं नाव देतो. तिथे 'बि'च्या जागी चक्क 'उ'कार.

भाषेतली जाणकार मंडळी इथे आहेत. येऊ द्या.

भाकरवडी

पहिला नंबर माझा! पर्वताचं नाव 'बाबा' वाचून हात जोडले, मग कळलं की स्लाव्हिक भाषांत बाबा म्हणजे आजी. आजीच्या पायथ्याशी मठ. मला पटलं, धागा बंद करा. (कृहघ्या)

साधी_शंका

मोनास्तिरला मी गेले आहे! समुद्रकिनारा काय सुंदर, आणि ती किनाऱ्यावरची गढी. पण ते ट्युनिशियात आहे ना?

नकाशावेडा

@साधी_शंका, ते वेगळं मोनास्तिर, हबीब बुर्गिबांचं जन्मगाव. आमच्या मोनास्तिरला समुद्र नाही, नुसते डोंगर. पण एकाच अर्थाचं नाव दोन ठिकाणी स्वतंत्रपणे पडू शकतं, हे तुमच्या सहलीमुळे आयतंच धाग्यात आलं.

तिरकस_बाण

यात संशय घेण्यासारखं काय आहे ते कळेना. एका भाषेत नावाचा अर्थ मठ, शेजारच्या भाषेत त्याच गावाचं नाव मठ. आणखी कसला पुरावा हवा? आपल्याकडे विहारांवरून बिहार झालं तेव्हा 'नेमका विहार कोणता' म्हणून कुणी अडून बसलं का? आणि सुरुवातीचा स्वर गळतो म्हणून दचकायला नको. अरण्याचं रान करणारे आपण, अरघट्टाचा रहाट करणारे आपण.

बाल्कनमधल्या कुठल्याही गावाचं नाव घ्या, महाजालावर कुणीतरी येऊन ते इलिरियन, थ्रेसियन नाहीतर पेलास्गियन असल्याचं सिद्ध करून जातो. तसलं काही नसलेली एक साधी सरळ व्युत्पत्ती मिळाली आहे, ती तरी शाबूत राहू द्या.

कंदीलपुष्प

@तिरकस_बाण, रान आणि रहाट अगदी बरोबर. स्वर गळण्याला माझीही हरकत नाही. माझी अडचण उरलेल्या स्वरांची आहे. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

'ओबितेल' हा शब्द 'ओब' हा उपसर्ग आणि 'वितति', म्हणजे राहणे, वस्ती करणे, असा फुटतो. मूळचं 'ओब-वित-', त्यातला 'व' 'ब'मध्ये मुरला. म्हणजे अर्थ आधी 'निवासस्थान', मग 'मठ'. इथला 'इ' हा अस्सल 'इ' आहे, तो कुठल्या दुसऱ्या स्वरातून आलेला नाही. दुसऱ्या अक्षरातला स्वर स्लाव्हिकमध्ये 'यात' म्हणून ओळखला जातो. त्या भागातल्या बोलींत त्याचा 'ए' होतो, 'या'कडे झुकलेला उच्चारही होतो, पण 'ओ' होण्याची तिथे वहिवाट नाही.

आता साक्षीदार बघा. स्लाव्हिक नाव बितोला: पहिला स्वर 'इ', ओबितेलला जुळतो, दुसरा 'ओ', जुळत नाही. ग्रीक नाव व्हुतेलिओन: पहिला स्वर 'उ', जुळत नाही, दुसरा 'ए', जुळतो. दोन्ही साक्षी अर्ध्या अर्ध्या. ओबितेलवाले पहिलं अक्षर स्लाव्हिकमधून घेतात, दुसरं ग्रीकमधून, आणि दोन्ही एकत्र शिवून 'बितेल' तयार करतात. तसं सलग रूप हाती कुठे आहे?

तिरकस_बाण

बरं. पण 'व्हुतेलिओन'वाले एकटे ग्रीक नाहीत. अरब भूगोलकार अल-इद्रीसीकडे 'बुतिली' आहे, टायरच्या विल्यमकडे 'बुतेल्ला'. तिघांच्याही दुसऱ्या अक्षरात 'ओ' नाही. तीन साक्षीदार एका बाजूला.

जुनंपानं

तीन कुठले, एकच.

विल्यम कुठल्या कामाने आला होता ते आधी. जेरुसलेमच्या राजाचा वकील म्हणून ११६८ मध्ये तो बायझंटाइन सम्राट पहिला मॅन्युएल याला भेटायला निघाला. सम्राट तेव्हा सर्बियाच्या भानगडीत गुंतलेला, म्हणून भेट राजधानीत न होता पेलागोनिया प्रांतात, 'लोक ज्याला बुतेल्ला म्हणतात' त्या शहरात झाली. विल्यमला हे नाव सांगणारे कोण? बहुधा सम्राटाच्या छावणीतले ग्रीक बोलणारे अधिकारी. इद्रीसी तर सिसिलीत, रॉजर राजाच्या दरबारात बसून ऐकीव माहितीवर ग्रंथ रचत होता. दोघांच्याही 'बुते', 'बुति'मागे ग्रीक कानच आहे. कॉपी केलेल्या उत्तरपत्रिका वेगळ्या मोजायच्या नसतात.

विल्यमच्या त्याच वाक्यातली आणखी एक गंमत. बुतेल्ला हे जस्टिनियन सम्राटाच्या जन्मगावाजवळ, म्हणजे जस्टिनियाना प्रिमाजवळ आहे, आणि त्या गावाला हल्ली आख्रिदा म्हणतात, असं तो बिनधास्त लिहितो. आख्रिदा म्हणजे ओह्रिद. ओह्रिदच्या धर्मपीठाने तो मान स्वतःकडे ओढून घेतला होता आणि विल्यमने तो जसाच्या तसा टिपला. जस्टिनियाना प्रिमा आज दक्षिण सर्बियातल्या त्सारिचिन ग्राद इथल्या अवशेषांत मानतात. नावांच्या बाबतीत मध्ययुगीन माणसावर किती विसंबायचं, ते यावरून ठरवा.

नकाशावेडा

@जुनंपानं, वा! कॉपीचा मुद्दा लाखमोलाचा.

आता मूळ साक्षीदाराकडे, स्किलित्झिसकडे येऊ. १०१४ च्या उन्हाळ्यात क्लेइदिओनच्या लढाईत दुसऱ्या बॅसिलने बल्गेरियाच्या सामुइलचा पराभव केला. कैद्यांचे डोळे काढल्याची ती कुप्रसिद्ध लढाई. ऑक्टोबरमध्ये सामुइल वारला, गादीवर मुलगा गाव्रिल रादोमिर आला. बॅसिल पेलागोनियात शिरला आणि त्याने गाव्रिलचे इथले वाडे जाळले. म्हणजे अकराव्या शतकाच्या सुरुवातीला हे राजाने वाडे बांधावेत असं ठिकाण होतं. स्किलित्झिसच्या वर्णनात वाडे आहेत. मठावरून नाव पडलेल्या गावाच्या या प्रसंगात मठ मात्र नाही.

तिरकस_बाण

लष्करी मोहिमेच्या वर्णनात मठाचा उल्लेख नाही म्हणून मठ नव्हता? पानिपतच्या बखरीत विहिरींची यादी नसते.

नकाशावेडा

मान्य. तो मुद्दा दुबळा आहे, त्यावर मी इमारत उभी करत नाही.

भाकरवडी

मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पण कुणीतरी तो दगड काढा आता. बितोलाची चर्चा आणि दगड नाही असं होत नाही म्हणे.

जुनंपानं

घ्या दगड.

१९५६ मध्ये बितोलातली सुंगुर चाऊश बे मशीद पाडत असताना तिथे वापरलेली एक संगमरवरी शिळा सापडली. तिच्यावर सिरिलिक लिपीत लेख आहे. वरचा भाग तुटलेला, कडा झिजलेल्या, मधली काही अक्षरं गेलेली. आशय असा: बल्गेरियनांचा सम्राट इव्हान याने देवमातेच्या आणि बारा प्रेषितांच्या कृपेने हा किल्ला बल्गेरियनांच्या आसऱ्यासाठी बांधून काढला, बितोलाच्या किल्ल्याचं काम ऑक्टोबरच्या विसाव्या दिवशी सुरू झालं. पुढे राजाची वंशावळ: निकोला आणि रिप्सिमिया यांचा नातू, सामुइलचा भाऊ आरोन याचा मुलगा. म्हणजे हा इव्हान व्लादिस्लाव, गाव्रिल रादोमिरचा चुलतभाऊ, ज्याने १०१५ मध्ये गाव्रिलचा काटा काढून गादी घेतली आणि १०१८ च्या सुरुवातीला दुर्राखियमसमोर लढताना मेला.

वाडे जाळले गेले १०१४ च्या शरदात, किल्ल्याची डागडुजी त्यानंतर वर्षभराने. जुळतं की नाही?

शिळा बितोलाच्या संग्रहालयात आहे. आणि तिच्यावरचा 'बल्गेरियन' हा शब्द तिथे आजही जड जातो. २००६ मध्ये फ्रेंच वकिलातीने शहराची एक पर्यटन पुस्तिका करायला घेतली आणि मुखपृष्ठावर नेमका या शिलालेखाचा फोटो टाकला. बातमी फुटली, छपाई थांबली, मुखपृष्ठ बदललं. हजार वर्षांपूर्वीच्या गवंडीकामाने विसाव्या नव्हे, एकविसाव्या शतकातल्या नगरपालिकेला घाम फोडला.

व्यवस्थापक

सूचना: उत्तर मॅसिडोनियाच्या युरोपीय संघातल्या प्रवेशाला बल्गेरियाने २०२० मध्ये घातलेला खोडा, ग्रीसशी २०१८ चा प्रेस्पा करार, 'मॅसिडोनियन ही स्वतंत्र भाषा की बोली' यांसाठी स्वतंत्र धागे आहेत. इथे गावाच्या नावापुरतं बोलावं. दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

कंदीलपुष्प

राजकारण बाजूला. मला शिळेवरच्या तारखेत रस आहे, कारण आपला स्वरांचा प्रश्न तिच्यावर लटकलेला आहे.

शिळेवर नाव 'बितोला' असं वाचतात, म्हणजे 'इ' आणि 'ओ' दोन्ही हजर. बहुतेक अभ्यासक लेखाचा काळ १०१५-१६ धरतात. योर्दान झाइमोव्ह या बल्गेरियन भाषातज्ज्ञाने १९७० मध्ये त्याचं वाचन पुस्तकरूपाने मांडलं. पण स्लाव्हिक भाषांचे अमेरिकी अभ्यासक होरेस लंट यांनी वर्षाच्या वाचनावरच शंका घेतली. झिजलेल्या अंकांचं वाचन चुकलं असून दगड तेराव्या शतकातला, दुसऱ्या इव्हान आसेनच्या काळातला, साधारण १२३० चा असू शकतो, असं त्यांचं म्हणणं.

आता गणित मांडा. लंट बरोबर असतील तर सगळ्यात जुनी साक्ष ग्रीकांची, 'ए'वाली. 'बितेल'चं 'बितोल' व्हायला मध्ये दोनशे वर्षं मिळतात, ओबितेलवाल्यांना श्वास घ्यायला जागा होते. बहुमत बरोबर असेल तर १०१५ लाच गावात राहणारे लोक 'बितोला' म्हणत होते, दगडावर कोरत होते. मग स्किलित्झिसचा 'ए' हा परक्या कानाचा घोटाळा ठरतो, आणि 'ए' गेला की ओबितेलच्या पायाखालची फळीच गेली.

तारखेचा वाद राजघराण्यांच्या इतिहासासाठी घातला जातो. पण गावाच्या नावाची व्युत्पत्तीसुद्धा त्याच दोन-तीन पुसट अक्षरांवर उभी आहे, इकडे कुणी फारसं बघत नाही.

साधी_शंका

मग ओबितेल नाही तर काय? नुसतं 'हे नाही, ते नाही' झालंय. पर्याय सांगा ना कुणीतरी.

कंदीलपुष्प

सांगते. स्लाव्हिक मुलखात गावांना नावं देण्याची एक फार जुनी रीत आहे. माणसाच्या नावाच्या शेवटी मृदू 'य' लावला की 'त्याचं' असा अर्थ होतो. यारोस्लाव्ह राजाचं ते यारोस्लाव्हल. पोलंडमधलं पोझनान्य म्हणजे पोझनान नावाच्या कुणाचं तरी. अशी नावं पुल्लिंगी असतात आणि शेवटचं व्यंजन मऊ असतं. सर्बियन 'बितोल्य' बघा: पुल्लिंगी, आणि शेवटी मऊ 'ल्य'. साच्यात अगदी चपखल बसतं. उलट 'ओबितेल' हा शब्द स्त्रीलिंगी. गाव 'बितोल' किंवा 'बितोल्या' पाटलाचं असावं, असा हा पर्याय.

यात आणखी एक लाभ आहे. त्या नावाचं मूळ 'बित्-' नसून 'बूत्-' आणि 'बित्-'च्या मधल्या उच्चाराचं धरलं तर? जुन्या स्लाव्हिकमध्ये 'इ' आणि 'उ'च्या मधोमध एक स्वर होता, रशियनमध्ये तो अजून ऐकू येतो. दक्षिणेकडच्या स्लाव्हिक भाषांत तो पुढे 'इ'मध्ये मिसळून गेला. 'असणे, राहणे' या अर्थाच्या धातूत हाच स्वर आहे. अकराव्या शतकाच्या आसपास एखाद्या ग्रीकाने तो ऐकला तर तो 'उ' लिहून मोकळा होईल, आणि गावकऱ्यांच्या तोंडी त्याचा सरळ 'इ' होईल. एकाच मुळातून व्हुतेलिओनचा 'उ'ही निघतो आणि बितोलाचा 'इ'ही. ओबितेलमधून 'उ' निघायला वाट नाही.

'ए' मात्र माझ्याही घशात अडकतो. ग्रीकमध्ये '-एली', '-एलिओन' शेवट असलेले शब्द चिकार आहेत, परकं नाव त्या वळणावर गेलं असेल, एवढंच म्हणू शकते.

तिरकस_बाण

वा. म्हणजे माझ्याकडून मठाचा पत्ता मागायचा आणि स्वतः एक पाटील जन्माला घालायचा. हा बितोल कोण? कुठल्या दानपत्रात, कुठल्या थडग्यावर त्याचं नाव आहे? यारोस्लाव्हलला यारोस्लाव्ह आहे. तुमच्याकडे फक्त मऊ 'ल' आहे.

आणि लिंगाचं म्हणाल तर मॅसिडोनियन बितोला स्त्रीलिंगी, बल्गेरियन बितोल्या स्त्रीलिंगी, शिळेवरही 'बितोला'च. एका सर्बियन रूपासाठी बाकीच्यांना गप्प का बसवायचं? १९१२ मध्ये सर्बियन सैन्य गावात आल्यावर कागदोपत्री बितोल्य चाललं, हेही लक्षात ठेवा.

कंदीलपुष्प

पाटलाचा पुरावा नाही, कबूल. गावाला ज्याचं नाव पडलं त्याची बाकी काही नोंद उरलीच नाही, असं होतंच. पोझनानच्या पोझनानची तरी कुठे कुंडली आहे? मी दोन बाजूंच्या अडचणी मोजते. ओबितेलला दोन स्वर नडतात, व्यक्तिनामाला एक स्वर आणि एक बेपत्ता माणूस.

मुक्काम_स्टुटगार्ट

वाचतोय केव्हापासून, आता राहवत नाही. सगळे एक गोष्ट गृहीत धरून चाललेत: मोनास्तिरी हे नाव बितोलाचं भाषांतर आहे. का?

जर्मनीतलं म्युन्स्टर घ्या. हे नाव लॅटिन 'मोनास्टेरिउम'वरून, म्हणजे पुन्हा मठच. पण त्या गावाचं आधीचं नाव होतं मिमिगेर्नाफोर्ड, ज्यात मठाचा म सुद्धा नाही. आठव्या शतकाच्या शेवटी लिउडगर नावाच्या धर्मप्रसारकाने तिथे मठ काढला, मठ मोठा झाला, आणि पुढे गाव त्याच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. जुनं नाव पुसलं गेलं. भाषांतर वगैरे काही नाही.

बितोलाचंही तसंच झालं असेल तर? गाव बितोल्य, बाजूला एखादा मठ, त्यावरून ग्रीक बोलणाऱ्यांत मोनास्तिरी. फरक एवढाच की इथे भाषा अनेक होत्या, म्हणून जुनं नाव पुसलं गेलं नाही, दोन्ही शेजारी शेजारी नांदली. मग मोनास्तिरी हा ओबितेलचा पुरावा उरत नाही. आणि ओबितेलच्या बाजूने सगळ्यात वजनदार पुरावा तोच तर आहे.

नकाशावेडा

धागा काढताना माझ्या मनात हेच घोळत होतं, शब्दात पकडता येत नव्हतं. बितोला म्हणजे मठ, कारण ग्रीक नावाचा अर्थ मठ. आणि ग्रीक नाव हे भाषांतर, कारण बितोला म्हणजे मठ. दोघेही एकमेकांना जामीन.

तिरकस_बाण

@मुक्काम_स्टुटगार्ट, उदाहरण तगडं आहे. पण म्युन्स्टरला लिउडगर आहे, मठाचा इतिहास आहे. तुमच्या बितोलातला मोनास्तिरीवाला मठ कुठे आहे? म्हणजे मठ दोघांनाही लागतो! तो मला सापडत नाही म्हणून माझा सिद्धान्त पाडता, आणि स्वतःच्या सिद्धान्तात तोच न सापडणारा मठ वापरता.

मुक्काम_स्टुटगार्ट

बरोबर पकडलंत. पण मला तो अकराव्या शतकाच्या आधी लागत नाही, तुम्हाला लागतो. तुर्क येईपर्यंत, म्हणजे चौदाव्या शतकाच्या शेवटापर्यंत तो कधीही बांधलेला मला चालतो. त्या डोंगराळ भागात मठांचा दुष्काळ नव्हता.

जुनंपानं

तुर्क आले १३८० च्या दशकात आणि त्यांच्या दप्तरात मानास्तिर हेच नाव रुळलं. एवलिया चेलेबी हा तुर्की प्रवासी सतराव्या शतकात येऊन गेला, त्याने सत्तर मशिदी आणि नऊशे दुकानं लिहिली आहेत. त्याचे आकडे नेहमीच जरा फुगीर असतात, पण गाव भरभराटीचं होतं हे खरं. एकोणिसाव्या शतकात ते विलायतीची, म्हणजे तुर्की सुभ्याची, राजधानी झालं, परक्या देशांच्या वकिलाती इतक्या आल्या की 'वकिलांचं शहर' असं बिरुद अजून मिरवतं. मुस्तफा केमाल, पुढे अतातुर्क, १८९६ पासून इथल्या लष्करी शाळेत शिकला.

धागाकर्त्याने वर उल्लेख केलेलं 'तोली मोनास्तिर' याच काळातलं. त्यातलं 'तोली' बहुधा बितोलीचं डोकं उडवलेलं रूप. म्हणजे दोन्ही घराणी एकाच नावात कोंबलेली.

गावात आज मानास्तिर म्हणणारे थोडे. पण गावाबाहेर ते नाव ठाण मांडून आहे. अल्बेनियन भाषेने लॅटिन लिपी पक्की केली ती नोव्हेंबर १९०८ च्या 'मानास्तिर परिषदे'त. अल्बेनियन शाळकरी मुलांना बितोला ठाऊक नसेल, मानास्तिर असतंच. ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीत (जुनं सालोनिका) रेल्वे स्टेशनसमोर मोनास्तिरिऊ रस्ता आहे. तिथून इथवरचा लोहमार्ग १८९४ मध्ये पूर्ण झाला. त्याच शहरात मोनास्तिरिओतोन सिनागॉग आहे, इथून तिकडे गेलेल्या ज्यूंनी बांधलेलं, १९२७ चं. त्यांच्या लादिनो भाषेतही गावाचं नाव मोनास्तिरच. मागे राहिलेल्यांना, तीन हजारांहून जास्त माणसांना, ११ मार्च १९४३ रोजी घराबाहेर काढलं आणि पुढे ट्रेब्लिंकाच्या नाझी मृत्युछावणीत पाठवलं. ते नाव घरात बोलणारी गावातली माणसं एका फटक्यात गेली.

आणि एक आपल्याकडचा धागा. पहिल्या महायुद्धात सालोनिका आघाडीवर ब्रिटिश फौजेबरोबर हिंदी खेचरपलटणी होत्या. तिथे वारलेल्या आपल्या माणसांची थेस्सालोनिकीत वेगळी दफनभूमी आहे. तिचं अधिकृत नाव 'मोनास्तिर रोड इंडियन सेमेटरी'.

साधी_शंका

हे शेवटचं ठाऊक नव्हतं. पुढच्या वेळी समुद्रकिनारा सोडून तिकडे जाईन.

भाकरवडी

रच्याकने, त्या हेराक्लेआचं नाव का टिकलं नाही? अलेक्झांडरच्या बापाने दिलेलं नाव म्हणजे ब्रँड तगडा होता.

जुनंपानं

पाचव्या शतकात ऑस्ट्रोगॉथांनी दोनदा झोडपलं, सहाव्यात स्लाव्ह आले, लोक पांगले. शहर ओस पडलं की नाव सांगायला कुणी उरत नाही. ओह्रिदचं लिख्निदोसही असंच गेलं. स्कोपियेचं स्कुपी मात्र तगलं. बायझंटाइन कागदांत या भागाला आणि इथल्या धर्मपीठाला पेलागोनिया म्हणत, ते तिसरंच घराणं. त्यात आज शिरलो तर उजाडेल.

तिरकस_बाण

माझा निकाल: ओबितेल ६०, पाटील ४०. सकाळी ९०-१० होता, कंदीलपुष्पताईंनी तीस खाल्ले.

कंदीलपुष्प

मी उलट, पाटील ६०. पण तो दगड उद्या कुणी नीट छायाचित्रं काढून, बाजूने प्रकाश टाकून पुन्हा वाचला आणि वर्ष १२३० च्या आसपासचं निघालं, तर मी दहा टक्के परत करीन.

मुक्काम_स्टुटगार्ट

आमच्या कचेरीत एक बितोलाचा आहे. दुपारी जेवताना त्याला हा सगळा वाद सांगितला. तो म्हणाला, शाळेत आम्हाला ओबितेलच शिकवलं. शेजारी इझमिरची एक तुर्की बाई बसली होती, ती म्हणाली, माझी पणजी मानास्तिरची. दोघे दोन वर्षं एकाच मजल्यावर काम करतात आणि आपण एकाच गावचे हे त्यांना माहीत नव्हतं. मग गल्ल्यांची नावं निघाली, त्यातही दोघांची नावं वेगळी. मी माझा डबा संपवला.

नकाशावेडा

हाहा! गल्ल्यांची नावं लिहून घ्या हो त्यांच्याकडून, इथे टाका.

हद्दीपलीकडे ग्रीसमध्ये फ्लोरिना आहे, स्लाव्हिकमध्ये तिला लेरिन म्हणतात. तिथे तर 'फ' कुठून आला आणि कुठे गेला, इथपासून भांडण आहे. कुणी घेतंय का?

तिरकस_बाण

काढा तुम्हीच. मी तयारीत आहे.

भाकरवडी

पॉपकॉर्न संपले. चिवडा आणतो.